शिंप्याच्या घरची झडती

प्रिय धाकट्या,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. टपालातली पत्रं आधी साहेबांची माणसं वाचतात, आणि त्यांना एकेक ओळ लागायला इतका वेळ जातो की तोवर तू म्हातारा होशील. ओळखीच्या एक नर्सबाई सीमेपलीकडे निघाल्यात, त्यांच्या हाती देतेय.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, सहा जण दुकानात घुसले. कारखान्यातल्या गोळीबारात दोनच माणसं मेली असं सरकार सांगत होतं आणि तू एकोणीस नावं छापून वाटलीस. त्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती त्यांना हव्या होत्या. सापडल्या नाहीत, तेव्हा रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बाबांचे कपडे बेतायचे कागद उचलले. त्यावर बाबांच्या अक्षरात ‘पुढचा भाग’, ‘मागचा भाग’, ‘डावी बाही’. एक शहाणा दुसऱ्याला म्हणाला, “नकाशा दिसतोय.” बाबांना हसू आवरलं नाही. तेवढ्यावर त्यांना गाडीत कोंबलं. आई चपला घेऊन धावली, तर म्हणे, “कशाला? तासाभरात सोडतो.”

साहेब म्हणजे तोच, ज्याचा गणवेश बाबा दरवर्षी कमरेत सैल करून द्यायचे. मी दर मंगळवारी त्याच्या कचेरीतल्या बाकावर बसायचे. तो माझ्यासमोर बिस्किटं चहात बुडवून खायचा आणि सांगायचा, “आम्ही काय राक्षस आहोत का? मुलगा देशद्रोही आहे, त्याच्याशी संबंध नाही, एवढं लिहून दिलं की म्हातारा घरी.” पाचव्या मंगळवारी त्याने माझ्यापुढे एक कागद आपटला. बाबांनी लिहून दिलं होतं, पण असं: ‘माझ्या मुलाने छापलेली सर्व नावे बरोबर आहेत. एक राहिले आहे, ते जोडावे.’ खाली आपल्याकडे काजं करायला येणाऱ्या बाईच्या नवऱ्याचं नाव, आणि सही. “म्हातारा वेडाबिडा आहे का?” साहेबाने विचारलं. म्हटलं, “नाही हो, मापाला पक्के आहेत.” त्याला कळलंच नाही. एवढ्या मोठ्या खुर्चीत इतका छोटा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. बाबा गेले, धाकट्या. आज आठवा दिवस. कागदावर ‘हृदय बंद पडले’ असं आहे. या नर्सबाईंनी त्यांची पाठ पाहिलीय, शेवटचं पाणीही त्यांनीच पाजलं. पाठीबद्दल त्यांना काही विचारू नकोस. साहेब म्हणतो, देह मुलाच्याच ताब्यात देणार, मुलाने स्वतः येऊन न्यावा, नियम आहे. असला नियम कुठेही नाही. जिवंत माणसाकडून हवं ते निघालं नाही, म्हणून आता मेलेला माणूस गळाला लावून बसलेत. रेडिओवरून आईच्या नावाने तुला हाक येईल. ती आईची नाही. आईचं म्हणणं मी इथे लिहितेय, तिने दोनदा वाचून घेतलंय: तिथेच रड, पोटभर रड, पण येऊ नकोस.

तुझीच,
ताई