मेडशीपलीकडे बंद पडलेली गाडी

बाबा,

परवा माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. वीसेक मिनिटं लागली असतील. आठ दिवस वाकून लिहायचं-वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि मी वाकून लिहिते आहे. बसवत नाही. सकाळपासून तीनदा अंगणात जाऊन आले, दोनदा हा कागद फाडला. काळा चष्मा काढला की भिंतीचा एकेक पोपडा दिसतो, आणि तो दिसला की तुम्ही आठवता. तुमच्या डोळ्यांतही हाच मोतीबिंदू असणार. पण तुम्हाला ते कुणाला दाखवायचंच नव्हतं. वाशीममध्ये एकाला कळलं की सगळ्यांना कळणार, आणि ज्याला दिसत नाही त्या मिस्त्रीच्या हाती गाडी कोण देतं?

म्हणून तुमचे डोळे मी झाले होते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मॅट्रिक होऊन मी अध्यापक विद्यालयाच्या पत्राची वाट बघत घरात बसले होते. लढाईच्या काळात तुम्ही फौजेच्या ट्रकांवर काम शिकलात, तेव्हापासून इंजिन तुम्हाला कानानंच कळायचं. लांब पेचकसाचं टोक इंजिनला लावून मूठ कानाशी धरलीत की कुठला सिलिंडर रुसलाय ते तुम्ही सांगायचात. पण प्लगमधली केसाएवढी फट कानानं मोजता येत नाही. दुपारी रस्ता सामसूम झाला की मी भाकर घेऊन तुमच्या टिनाच्या दुकानात यायचे, भाकर बाजूला राहायची आणि बारीक काम मी करायचे. फट मोजायची पत्ती पहिल्यांदा माझ्या हातात दिलीत तेव्हा म्हणाला होतात, ती लोण्यातून सुरी जावी तशी जायला नको, जराशी अडकत सरकली पाहिजे. मला ते काम आवडायचं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

मग रिठदकडच्या त्या जमीनदारांची गाडी आली. त्यांना सगळे मालकच म्हणायचे, आपणही. गाडी काळी, लांब बॉनेटची, विलायती, सहा सिलिंडरची. त्यांच्या वडिलांनी एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. आतल्या चामड्याच्या गाद्यांना भेगा गेल्या होत्या, पण समोरची लाकडी फळी अजून चकाकत होती. गाडी चढावर दम टाकते, मधेच ठोके चुकवत मिसिंग मारते, अशी तक्रार होती. मालकांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, तिला दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. इंजिन ठाकठीक करून द्या, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

मी आजही ते सगळं हातानं करू शकेन. सहा प्लग काढते, काजळी तारेच्या ब्रशनं घासते, प्रत्येकाची फट बघते. तुम्ही कार्बोरेटर उघडून पेट्रोलनं धुताय, तोंडानं जेट फुंकताय. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतले ठिणगीचे पॉईंट घासते, पत्ती घालून त्यांच्यातली फट बरोबर करते. आता फक्त ती फट धरून ठेवणारा छोटा स्क्रू आवळायचा राहिलाय, नुसता टेकवलाय, आणि बाहेर मालकांची जीप थांबते. तुम्ही माझ्या हातातून पेचकस काढून घेतलात आणि हळूच म्हणालात, “हट, मालक आले.” मी मागं झाले. मालक आत आले, माझ्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, “पोरगी भाकर घेऊन आली, मालक.”

तुम्ही चाचपून झाकण बसवलंत, क्लिपा लावल्यात, गाडी सुरू केलीत. ऐकत ऐकत टायमिंग लावलंत. इंजिन असं चालायला लागलं की जवळ उभं राहूनही नुसती सुरसुर ऐकू यावी. मालक खूश झाले, तुमच्या हाताला तोड नाही म्हणाले. तुम्ही हसून मान हलवलीत. मी भाकरीचं फडकं हातात घेऊन तिथंच उभी होते. ते गेल्यावर मी विचारलं, माझं नाव काहून नाही घेतलं? तुम्ही चिडलात. “गाडीले पोरीचा हात लागला हे समजलं तं उद्या कोन येईन दुकानात?” त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीच्या ड्रायव्हरनं बातमी आणली. अकोल्याच्या वाटेवर मेडशीच्या पुढं गाडी बंद पडली. त्यानंच मालकांच्या लेकीला आपल्या बसमध्ये घेऊन अकोल्याला पोचवलं होतं; रस्ताभर ती कळा देत होती. पुढं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. दीड दिवस आपल्यालाही कळलं नाही. तुम्ही दारात उभे राहायचात, आत यायचात, पुन्हा दारात. मग ट्रकच्या मागं दोर बांधून गाडी आली. तुम्ही झाकण उघडून आत बोट घातलंत. स्क्रू ढिला होता, पॉईंट मिटले होते, ठिणगी पडणार कुठून? तुम्ही पेचकस घेऊन तो आवळलात, माझ्याकडं न बघता.

मालक आले तेव्हा लेक आणि बाळ दोघं सुखरूप असल्याचं कळलं. चहाच्या टपरीवरची माणसंही गोळा झाली होती. मालकांनी आवाज चढवला नाही. चूक कोणाची, एवढंच विचारलं. मी तुमच्या मागं हातभर अंतरावर होते. तुम्ही म्हणालात, “मीच केलं, मालक. मले जवळचं दिसत नाही आता. दोन साल झाले, लपवून राह्यलो होतो.”

त्यानंतर दुकानात गाड्या आल्या नाहीत, पंक्चरच्या सायकली तेवढ्या यायच्या. माझं पत्र आलं, मी शिकायला गेले, मास्तरीण झाले. तुम्ही घराच्या ओट्यावर बसून रस्त्यावरच्या इंजिनांचे आवाज ऐकत राहिलात. त्या स्क्रूबद्दल शेवटपर्यंत एकदाही बोलला नाहीत. मीही नाही.

मला वर्षानुवर्षं सुटत नाही ते हे: मी विसरले होते का? मालक गाडीचं कौतुक करत होते तेव्हा एक काम राहिलंय हे माझ्या मनात आलं होतं का, आणि रागानं मी तोंड मिटून घेतलं का? रात्री वाटतं, विसरले. सकाळी वाटतं, नाही. त्या बसमधली ती बाई माझ्याच वयाची होती.

हे कुणाला दाखवणार नाही, कुठं पाठवायचा तर प्रश्नच नाही. पण एक लिहूनच उठते. दुकानाला कायमचं कुलूप लावलं त्या दिवशी मी रडले आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मला वाईट वाटतंय असं तुम्हाला वाटलं, आणि वाटतही होतं. पण त्याच्या आधी, तुम्ही किल्ली फिरवलीत तेव्हा, मला त्या स्क्रूपासून सुटल्यासारखं वाटलं होतं.