आज विचारलंच नाही

यवतमाळ, मंगळवार, संध्याकाळ

ड्युटी संपवून खोलीवर आले, चहा केला, तरी डोक्यात तेच. आज मी तिला विचारलंच नाही.

मुलांच्या वॉर्डात उमरखेडकडच्या तांड्यावरची रोशनी आहे. वय दहा, शुगर निघाली, आता जन्मभर इन्सुलिन. पहिल्या दिवशी शुगर तपासायची सुई पाहून तिनं हात पाठीमागे लपवले, तेव्हा मीच कबूल केलं होतं की बोट तू सांगायचं, विचारल्याशिवाय टोचणार नाही. तेव्हापासून ती रोज दहाही बोटं पसरते, विचार करते, मग एक पुढे करते.

आज डॉक्टरांचा राउंड आला होता. घाईत हात धरला आणि टोचलं. ती रडली नाही. तिची आई म्हणाली, "शहाणी झाली पोरगी." रोशनी नुसती बोटाकडे बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी तिच्याजवळ बसून म्हटलं, "रोशनी, माझं चुकलं."

"मंग आता तुमचं बोट द्या."

मी नवी सुई लावून दिली. बोटाला टोचायचं यंत्र कसं धरायचं ते तिला आता येतं.

"कोन्तं बोट, सिस्टर?"

मला सांगताच येईना. किती वर्षांत कोणी असं थांबून मला काही विचारलं नाही. चहात साखर किती, हेसुद्धा नाही.

ती माझा हात धरून तशीच बसली. म्हणाली, "सांगा आरामात. मले घाई नाई."