हंबीररावाची ओळ

२५ नोव्हेंबर १९७४
साताऱ्याहून निघाल्यापासून या वहीत एक अक्षर लिहिलं नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. सांगलीजवळच्या या साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून रुजू झालो. क्वार्टर हवेशीर, पाणी भरपूर, आवारभर रसाचा गोड वास. शरयू संक्रांतीनंतर बिऱ्हाड घेऊन येईल.

माझं मुख्य काम म्हणजे बॉयलरच्या पाळ्यांचा तक्ता. आडव्या ओळींत माणसं, उभ्या रकान्यांत तारखा. संध्याकाळी तो लोखंडी कपाटात ठेवायचा, सकाळी काढून फळ्यावर लावायचा. जुन्या तक्त्यात मधेच एक ओळ कोरी होती. डोळ्यांना खुपायची. नवा आखताना मी खालची नावं वर सरकवली. आता कसा नेटका दिसतो!

२७ नोव्हेंबर
बॉयलरवरचा आकाराम आज तक्त्यापुढे बराच वेळ उभा होता. म्हणाला, "आवं सायेब, हंबीररावाची ओळ कुठं घालवली? त्यो आला तर काय माज्या मांडीवर बसंल व्हय?" सगळे हसले. तो हसला नाही.

मागाहून हेडक्लार्क लालासाहेबांनी समजावलं. हंबीरराव गेल्या हंगामात वाफेने भाजून गेला. कामावर मेलेल्या माणसाची जागा इथे वर्षभर भरत नाहीत. त्याची ओळ कोरी ठेवतात. मी आधी विचारायला हवं होतं. पण तक्ता इतका सुबक उतरलाय की पुन्हा आखावासा वाटेना.

३० नोव्हेंबर
सकाळी तक्ता काढला तर नाथाजीची ओळ कोरी. खाडाखोड नाही. उजेडात धरला, कागदावर ओरखडासुद्धा नाही. शाईला दोष दिला आणि ओळ पुन्हा भरली.

दुपारी नाथाजी बॉयलरकडे चिपाड नेणाऱ्या पट्ट्यात सापडला. जागच्या जागी गेला.

३ डिसेंबर
शाई बदलली. कागद जाड घेतला. कपाट दुसरं घेतलं, किल्ली माझ्याच कमरेला. कार्बन प्रत घरी ट्रंकेत ठेवून पाहिली. टेबलावर उघडा असला की तक्ता शाबूत राहतो. आत ठेवून काढला की बिघडतो. कारण सापडत नाही.

आज सयाजीची ओळ गेली. त्याला घरी पाठवावं असं मनात आलं होतं. पण लोक काय म्हणतील, शिकलेला माणूस म्हणून – गप्प बसलो. भोंग्याआधी तो शिडीवरून पडला. माझ्या गप्प बसण्याला काय म्हणावं?

४ डिसेंबर
तक्ता पुन्हा आखला. हंबीररावाची ओळ होती तिथे, कोरी. टेबलावरच ठेवून निघालो, हात लावू नका असं लालासाहेबांना दोनदा बजावलं.

५ डिसेंबर, सकाळ
लालासाहेबांनी शिस्त म्हणून तक्ता त्यांच्या कपाटात ठेवला.

कोरी ओळ कोरी नाही. हंबीरराव, पहिली पाळी, हजर. अक्षर माझं. मी लिहिलेलं नाही.

आकारामची ओळ पांढरी.

धावत बॉयलरवर गेलो. म्हटलं, आत्ताच्या गाडीने जतला बहिणीकडे जा. तो म्हणाला, "हंगाम सोडून? आन् बॉयलरात चिपाड तुमी घालनार?" हात धरून ओढला तर म्हणाला, "गड्याला येड लागलं रं!" हलला नाही. तीन पोरं आहेत त्याला.

दुपार
हंबीररावाची जागा मी काढून घेतली, म्हणून तो दुसऱ्यांच्या घेतोय. एवढंच. घेतलेली परत दिली तरी आता पुरत नाही –

पांढऱ्या ओळीत माझं नाव लिहिलं. आकारामचं तळाला, नवी ओळ आखून. माझ्याच हाताने कपाटात ठेवला. थांबलो. काढला.

आकारामचं नाव जसंच्या तसं.

माझं नाही.

संध्याकाळ
भोंगा झाला. आकाराम सुखरूप. फाटकाशी तंबाखू मळत होता, मला बघून म्हणाला, "काय सायेब, जतची गाडी गेली न्हवं?" बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

शरयूला लिहायला हवं होतं. आता –

क्वार्टरच्या दाराला कडी लावली आहे. तरी खोलीत वाफ. कागद ओला होतोय, अक्षरं फुट – कुणीतरी हजेरी घेतल्यासारखं माझं नाव –

उद्या: लालासाहेबांना सांगणे, माझी ओळ वर्षभर कोरी ठेवा, कुणी भरू –