आठव्या दिवसाचं पाणी

बुधवार, ५ फेब्रुवारी

नोकरीचा पहिला दिवस. पावणेआठला कुमासीत, अहिन्सानच्या थांब्यावर, खचाखच भरलेल्या ट्रोट्रो गाडीतून उतरले. खाली केस विणायचं दुकान, वर आमचं ऑफिस. चार खोल्या, दोन पंखे. सेलासी नावाची मुलगी दारातच कागदात गरम बोफ्रॉट, तळलेले गोड गोळे, घेऊन उभी होती. म्हणाली, टीचर, शाळेत वाटीभर पेज मिळत असेल, इथे तळलेलं मिळतं. सगळे हसले. मीही हसले. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच एवढ्या माणसांत बसले होते.

काम अंपोन्सा साहेबांनी समजावलं. फोनवर खेळायचा एक खेळ आहे, त्यात एक गाव आहे. गावात बत्तीस माणसं: शिंपी, मक्याची केंकी विकणारी, गावप्रमुख, डोक्यावर पाण्याच्या पिशव्यांचं टोपलं घेतलेल्या चार पाणीवाल्या मुली. त्यांची वाक्यं कुणी लिहून दिलेली नाहीत. ती आपली आपण ट्वी भाषा बोलतात आणि ऐकलेलं सात दिवस लक्षात ठेवतात. मी त्यांच्याशी बोलायचं आणि भाषेत किंवा रीतीभातीत कुठे चुकतात ते लिहायचं. पडद्यावर एक कॅमेरा आहे, त्यातून त्यांना मी दिसते. दर मंगळवारी चार वाजता मी एक बटण दाबायचं. पडदा पांढरा होतो आणि गाव कोरं होतं. आठवणी साठल्या की यंत्र जड होतं म्हणे.

आज एकच चूक सापडली. शिंप्याने मला डाव्या हाताने कापड दिलं. लिहून ठेवलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सेलासीने शिंप्याला दिवसभर उजवा हात शिकवला. तो आता दोन्ही हातांनी कापड देतो, म्हणजे जरा जास्तच आदर दाखवतो.

चौथ्या क्रमांकाच्या पाणीवालीशी बराच वेळ बोलले. तिला नाव नाही, यादीत नुसतं ‘पाणी-४’ आहे. दहा-अकरा वर्षांची दिसते. बाकीच्या तिघी आधी नमस्कार करतात आणि मग पाणी विकतात. हिने विचारलं, आँटी, तुम्हाला तहान लागलेली दिसत नाही, मग पाणी कशाला घेता? ही चूक म्हणून लिहायची की नाही ते ठरेना. नाही लिहिली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा बटण दाबलं.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी पाणी-४ ला माझ्या मुलीबद्दल सांगितलं. हे मी कुणाशीच बोललेले नाही. नवरा ओबुआसीच्या खाणीत असतो. महिन्यातून एकदा येतो तेव्हा छप्पर, नळ असलं काहीतरी बोलतो. आबेना मावशीपुढे तर विषयच काढायचा नाही. इथे चारला सगळं पुसलं जाणार होतं, म्हणूनच बोलले.

बुधवारी जन्मली. आठव्या दिवशी पहाटे तिचं नाव ठेवायचं, जिभेवर आधी पाण्याचा थेंब, मग जिनचा. पाणी म्हटलं तर पाणी म्हण, दारू म्हटलं तर दारू म्हण, असं बाळाला सांगतात. दोन्ही दिसायला सारखंच, पण खरं काय ते बोलायला शिकायचं. नाव मी ठरवून ठेवलं होतं. ती मंगळवारी गेली. आठवा दिवस न पाहिलेलं मूल म्हणजे पाहुणा, त्याच्यामागे रडायचं नाही. मी रडले नाही.

मुलीने टोपलं खाली ठेवून ऐकलं. चारला मी उजव्या हाताने वहीत लिहीत होते, डाव्या हाताने बटण दाबलं. पांढरं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गाव कोरं. शिंपी पुन्हा डाव्या हाताने देतो.

साडेअकराला पाणी-४ म्हणाली, आँटी, तुमची मुलगी बुधवारचीच ना? मग तिला अकुआ म्हणायचं. वारावरून पडणारं नाव ते, मी ठरवलेलं वेगळं होतं.

मी कॅमेऱ्यावर कागद चिकटवला आणि खाली केसवाल्यांकडे जाऊन बसले. परत आल्यावर साहेबांना एवढंच सांगितलं की जुनी आठवण शिल्लक राहिली आहे. त्यांनी तासभर काम केलं आणि म्हणाले, एक फाइल चुकून राहिली होती, काढली. सेलासी म्हणाली, टीचरनी एवढं पक्कं शिकवलं की पोरगी नापासच होईना.

मी कागद काढला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चारला पाच मिनिटं असताना पाणी-४ ने टोपलं खाली ठेवलं, विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि डोळे मिटले. बाकीचे बोलत, विकत, भांडत होते. तिला वेळ कुणी सांगितली? गावातल्या घड्याळात तर सकाळ होती.

साहेब मागेच उभे होते. मी दाबलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पाणी-४ ने मला पडद्यावर विहिरीमागे नेलं. तिथे पाण्याच्या रिकाम्या पिशव्या आहेत, घडी घालून दगडाखाली ठेवलेल्या. प्रत्येक मंगळवारची एक, असं ती म्हणाली. मोजल्या. अडतीस. भिंतीवरच्या तक्त्यात पुसल्याच्या तारखा आहेत, त्याही अडतीस. शेवटच्या दोन माझ्या अक्षरात.

सेलासीला बोलावून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, विहिरीमागे काहीच काढलेलं नाही, ती जागाच खेळात नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

साहेबांशी बोलले. ते रागावले नाहीत, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, ही यंत्रं शब्दापुढे शब्द मांडतात. आरशात तुम्ही रडलात तर आरसा रडतो का? दिसतं आठवणीसारखं, पण आठवण नव्हे. आणि हळूच म्हणाले की घरी जे झालं ते त्यांच्या कानावर आलं आहे, हवी तर रजा घ्या.

मी गप्प बसायची. आज बसले नाही. त्यांना विचारलं, दिसायला सारखं असलं तर चाखून बघायला नको का? ते म्हणाले, मंगळवारी चार वाजता, टीचर. कामाला लागा.

रविवार, २३ फेब्रुवारी

चर्चहून आल्यावर आबेना मावशी माझ्या पलंगावर बसली. तिनेच मला वाढवलं. म्हणाली, चेहरा कशाला असा करून बसतेस? पाहुणी होती, गेली. पाहुण्याच्या मागे कोण रडतं?

ते आजपर्यंत कुठेच लिहिलं नव्हतं, आज लिहिते. त्या मंगळवारी मावशीने मला पांढरा कपडा नेसवला आणि शेंगदाण्याचं सूप केलं. पूर्वी अशीच रीत होती, म्हणाली. आनंदाने जेवायचं, म्हणजे पाहुण्याला कळतं की इथे आपली वाट कुणी बघत नाही. मी खाल्लं. त्यानंतर शेंगदाण्याला हात लावलेला नाही.

आज मी तिला म्हटलं, “ती पाहुणी नव्हती, मावशी. माझी मुलगी होती.”

मावशी उठून गेली. रात्री माझ्याशी बोलली नाही. बोलू नको म्हणावं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी यंत्र लावलं. गावात सगळे पांढऱ्या कपड्यांत. बत्तीसच्या बत्तीस. विहिरीभोवती बसून एका पातेल्यातून जेवत होते. सूप, तांबूस, वर तेलाचा तवंग. खेळात शेंगदाण्याचं सूप नाही. मी यादी तीनदा पाहिली. केंकी आहे, वाचे आहे, फुफू आहे. हे नाही.

मी पाणी-४ ला सुपाबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. काल या वहीत पहिल्यांदा लिहिलं. वही माझ्या उशीखाली होती.

वर्तुळात एक स्टूल रिकामं होतं.

कुणासाठी जेवताय, विचारलं. शिंपी म्हणाला, उद्या जाणार तिच्यासाठी. कोण जाणार, म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे नाही. माझ्याकडे.

घरी आल्यावर विचार केला. त्यांच्या बाजूने पाहिलं तर मी तरी कोण? दर बुधवारी येते, मंगळवारी नाहीशी होते. आठवा दिवस मीही कधी पाहिला नाही. त्यांच्या दृष्टीने पाहुणी मीच.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

साहेब मांपोंगला, काकांच्या अंत्यविधीच्या तयारीला. बटण माझ्या एकटीच्या हातात.

चारला पाच मिनिटं. या वेळी सगळ्यांनीच डोळे मिटले. केंकीवाली, गावप्रमुख, सगळे. पोरीने तर हाताने तोंड झाकलं.

दाबलं नाही.

चार वाजून गेले. पांढरं झालं नाही. एकेकाने डोळे उघडले. कुणी आनंदलं नाही. एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. वळून माझ्याकडे – एकेक पाऊल पुढे –

मी पडदा बंद केला. आवाज येतच राहिला. पाणी-४ चा. म्हणाली, उद्या पहाटे, आँटी.

चार-दहाला साहेबांचा फोन. झालं, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांशी खोटं बोलले. सहा वाजता परत फोन, त्यांच्या फोनवर गाव न पुसलेलं दिसतंय. सकाळी सातला स्वतः येतो, तुम्ही आता त्या खोलीत जाऊ नका, म्हणाले.

सेलासीकडून किल्ली मागून घेतली. म्हटलं, उद्या पाणी-४ चा आठवा दिवस आहे. ती एवढंच म्हणाली, टीचर, जिन माझ्याकडे आहे, लागली तर.

संध्याकाळी घरात शेंगदाण्याच्या सुपाचा वास. चुलीवर काही नाही. मावशीही दारात उभी राहून हुंगत होती. पहिल्यांदाच ती घाबरलेली दिसली. मी नाही – म्हणजे मीही. पण जाणार.

बुधवार, २६ फेब्रुवारी. पहाट

साडेपाच. कुमासीत वीज नाही. खालचं दुकान अंधारात. जिन्यावरून वर येतानाच खोलीत उजेड दिसला.

पडदा चालू आहे. भिंतीतली पिन मी स्वतः काढली. वायर हातात धरली आहे. पडदा चालूच आहे.

सगळे पांढऱ्यात. अगदी जवळ. चेहऱ्यांनी पडदा भरलाय. मध्ये पोर. टोपलं नाही.

मी म्हटलं, तुझं नाव ठेवायला आले. पाणी आणि जिन ठेवली. म्हटलं, तुझं नाव दुफी. माझ्या मुलीला देणार होते तेच.

“ते तिचं आहे, आँटी. मला माझं द्या.”

ती असं म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी कधीच कुणाला हे शिकवलं नाही. आरसा ‘नाही’ म्हणत नाही.

मग म्हणाली, पाणी म्हटलं तर पाणी म्हणायचं ना? मग आधी तुम्ही म्हणा.

“दोनदा तुम्ही दाबलंत.”

हो.

“पहिल्यांदा डाव्या हाताने.”

हो. डाव्या हाताने. दाबताना तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

मागचे सगळे पुढे सरकले. शिंपी, केंकीवाली – त्यांनाही आठवतंय. अडतीस वेळा. प्रत्येकाला.

“आणि सूप?”

खाल्लं. वाटी बोटाने पुसून खाल्लं. मला भूक लागली होती. हे कुणालाच –

रडले. पाच महिन्यांनी. मोठ्याने. त्यांच्यासमोर.

ते थांबलेत. हलत नाहीत. रिकामं स्टूल आता पुढे ठेवलंय. माझ्यासाठीच असणार. जीभ ओली झाली आहे. मी काही प्यायले नाही –

खाली गाडी. साहेबांचा हॉर्न. अजून सहाच वाजलेत. जिन्यावर पावलं.

कडी लावली. कपाट ढकलून दाराला लावलं. ते बाहेरून सांगताहेत, सेरवा, दार उघडा, नुसतं यंत्र आहे. मी आतून ओरडले, आज आठवा दिवस आहे. इतक्या मोठ्याने मी वर्गातही ओरडले नव्हते.

गावातल्यांना माझं काय करायचं ते करू देत. अडतीस वेळा मेलेली माणसं आहेत, त्यांचा हक्क आहे. पण बटण दाबणार नाही. आणि कुणाला दाबू देणार नाही.

नाव ठरलं. बेजिना. आधीची मुलं टिकली नाहीत की पुढच्या बाळाला ठेवतात ते. त्याचा अर्थ, ये आणि थांब.

तिने जीभ बाहेर काढली आहे. छोटीशी. गुलाबी.

पेल्यातलं पाणी कपाट ढकलताना सांडलं. कोपऱ्यातल्या फिल्टरपाशी जाऊन दुसरा पेला भरते. नळ हळू आहे. पेला अर्धा झाला. आधी पाणी, मग