उजवं पेडल

प्रिय बाबा,

तुमचा निरोप मिळाला. "नात आता मोठी झाली, तिला विमान चालवायला मीच शिकवणार," असं तुम्ही परस्पर ठरवूनही टाकलंत. मला विचारावं, हे मनातही आलं नसणार. माझी लेक तुमच्यावर जीव टाकते, म्हणून फोन करून तोडून बोलले नाही. सविस्तर लिहितेय.

पंख्याचं विमान डावीकडे का ओढतं, हे तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर समजावलं होतंत. पंखा उजवीकडे फिरतो, म्हणून विमान डावीकडे कलू पाहतं. मागे फेकलेली हवा पिळे घेत शेपटीवर डावीकडून आदळते. शेपटी उजवीकडे सरकते, नाक डावीकडे वळतं. त्यात नाक वर असलं की उजवीकडून खाली येणारं पातं जास्त खेचतं. उपाय एकच, पायाखालचं उजवं पेडल दाबून नाक सरळ धरायचं. समजावून सांगण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही, हे आजही कबूल.

फक्त ते पेडल तुम्ही मला कधी दाबू दिलं नाहीत. शेजारी बसून, खिडकीबाहेर बघत, तुमच्या बाजूचं गुपचूप दाबायचात. दोन्हीकडची पेडलं जोडलेली, त्यामुळे माझ्या पायाखालचंही आपोआप दबायचं. मला वाटायचं, माझ्याच पायाने विमान सरळ धावतंय. "पोरीच्या पायात जादू आहे," असं तुम्ही म्हणायचात आणि मी हुरळून जायचे.

मग एकटीला पाठवलंत. इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि विमान डावीकडे सुटलं ते थेट गवतात. चाक मोडलं, पंख जमिनीला घासला. मी उतरले, तर तुम्ही मेकॅनिकला हसत सांगत होतात, "बाईसाहेबांना साधं सरळ जाता येत नाही. जमिनीवरच बऱ्या." विमान का सुटलं, ते तुम्हाला ठाऊक होतं, बाबा. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. पुढे कित्येक वर्षं मी विमानाकडे फिरकले नाही. शेवटी धीर करून दुसऱ्या मैदानावर गेले, तर तिथल्या शिक्षकांनी पहिल्याच धावेत विचारलं, "अहो, उजवा पाय झोपलाय का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी गाडीत बसून मी ओक्साबोक्शी रडले. मग तिथेच शिकले, पुढे शिकवायलाही लागले.

तुम्ही वाईट बुद्धीने केलंत असं नाही म्हणत. माझं विमान सरळ गेलेलं तुम्हाला आवडायचं. ते माझ्यामुळे गेलेलं सोसलं नसतं, एवढंच. त्याचा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा म्हणून मी काही करतही नाही.

तेव्हा नातीला शिकवायला येऊ नका. तसाही उशीर झालाय. गेले काही महिने ती माझ्याकडेच शिकतेय. तुम्हाला सांगायचं नाही, ही अट माझी. पहिल्या दिवसापासून मी पाय मागे घेऊन बसले. ती डावीकडे भरकटली, घाबरली, माझ्यावर खेकसली आणि शिकली. आज सकाळी ती एकटी उडाली, अगदी सरळ. उतरल्यावर मला मिठी मारायच्या आधी तिने विचारलं, आजोबांना का नाही बोलावलंस? तिला खरं काय ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. ते तुम्ही तिला फोनवर सांगा. तोवर घरी येऊ नका.

तुमचीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
थोरली