तीन पडले होते

रविवार, १४ जून, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं, पाठ दुखायची थांबली. तुम्ही दोघं बरे असाल असं नेहमीसारखं लिहिणार होतो, पण आज ते राहू दे. फोनवर टाईप करताना मला अक्षरं सापडत नाहीत, आणि बोलायला लागलो की तू मधेच "बाकी सगळं मजेत" म्हणून गाडी वळवतेस. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. जोडाक्षरांना हसू नकोस.

इकडे लॉन्ड्रीत तेच चालू आहे. हॉटेलांच्या चादरी येतात, दोघांनी दोन टोकं धरायची, गरम रुळात सोडायची, पलीकडून इस्त्री होऊन निघतात. पूर्वी मी एका जागी टिकायचो नाही. बाबा म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. आता पाय हलतच नाहीत. कंटाळासुद्धा येत नाही. सुपरवायझरने अजून दोन वर्षांचा करार पुढे ठेवलाय, उद्या सही करायची आहे. तुला विचारलं तर तू म्हणालीस, कर बिनधास्त, बाबांचं छान चाललंय, रोज खेळतात ना तुझ्याशी?

त्या खेळाबद्दलच लिहायचंय.

बाबांना लुडोचं ॲप कधी पटलं नाही. सोंगट्या आपोआप चालतात, मग मी काय नुसता बघत बसू, म्हणाले. म्हणून मी इंटरनेटवर ते फाशाचं पान शोधलं होतं. तिथे फक्त फासा पडतो. ज्याने टाकला त्याचं नाव पुढे येतं आणि दोघांनाही दिसतं. पट आपापला. तुमच्याकडे जुना लाकडी, माझ्याकडे साबणाच्या खोक्याचं झाकण, त्यावर पेनाने आखलेली घरं, आणि सोंगट्या म्हणून वेटरांच्या शर्टांची तुटलेली बटणं. माझ्या खोलीत राहणारा स्वयंपाकी हसतो. फासा टाकायला इंटरनेट कशाला, म्हणतो, भिंतीवर डोकं आपट, जेवढी टेंगळं येतील तेवढी घरं चाल.

झटका आल्यावर बाबांची जीभ जड झाली, पण बोट चालत होतं. फासा ते टाकायचे, कोणती सोंगटी चालायची ते तू त्यांना विचारून लिहायचीस. इथपर्यंत ठीक होतं.

मागच्या महिन्यात एका डावात माझी शेवटची सोंगटी घरात शिरायला आली होती. बाबांची बरोबर तीन घरं मागे. त्यांच्या नावाने फासा पडला, तीन. मी माझं बटण उचलून हातात धरलंसुद्धा, गेली म्हणून. तेवढ्यात तुझा मेसेज आला, "बाबा म्हणतात दुसरी चालव."

ताई, बाबांनी कधी कोणाची सोंगटी सोडलीय? लहानपणी मी तापाने फणफणलो होतो, तरी मारली. आई ओरडली तेव्हा म्हणाले, "ताप उतरेल. हे दान पुन्हा पडायचं नाही."

मी ते पान बघत बसलो. नाव 'बाबा' असंच होतं. दुसऱ्या दिवशीही खेळलो, त्यानंतरही खेळलो. तू मला जिंकू देत राहिलीस आणि मी जिंकत राहिलो. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. राग आला नाही, रडूही नाही. ड्युटीवर गेलो, चादरी धरल्या.

मग परवा व्हिडिओवर बाबांनी माझ्याकडे बघून तुला काहीतरी विचारलं. तू फोन छताकडे केलास आणि म्हणालीस, नेटवर्क गेलं. पंखा फिरत होता ताई, मला दिसत होता. "हा कोण" एवढंच ना? जीभ कितीही जड असली तरी तेवढं कळतं.

तू हे माझ्यासाठी केलंस, समजतं मला. कसंबसं टिकलेलं काम टाकून मी धावत येऊ नये, म्हणून. पण तिथे एकटी तू. त्यांना भरवायचं, पुसायचं, उठवायचं, बसवायचं, आणि त्यातून वेळ काढून त्यांच्या नावाने माझ्याशी हरायचं.

सही करणार नाही. उद्या सुपरवायझरला तसं सांगतो. जागा दुसऱ्याला जाईल हे त्याने आधीच बजावलंय. जाऊ दे. शुक्रवारी पोचेन.

एक मात्र ऐक. दार उघडशील तेव्हा बाबांना "ओळखा बघू कोण आलंय" असं विचारू नकोस. ते तुझ्या तोंडाकडे बघत बसतील, ते मला बघवणार नाही. मदतीला नवा माणूस ठेवलाय, एवढंच सांग. मी त्यांना भरवेन, अंघोळ घालेन, शेजारी बसेन. नाव त्यांनी विचारलं तर सांगेन. जितक्यांदा विचारतील तितक्यांदा सांगेन.

आज त्या पानावर येऊ नकोस. मी नसेन. थोडी झोप काढ.

तुझा धाकटा