शेत कप्तानाचं, झाडं आपली

आदरणीय लूनिस मामांना बेलैद भाच्याचा सलाम.

गुडघे कसे आहेत? खोकला? जेवण जातंय ना? तुमच्या तब्येतीची इथे सगळ्या गावात फार चर्चा चालली आहे (का, ते ओघाने येईलच).

इकडची हकीकत अशी. खोऱ्यात फ्रेंचांची नवी वसाहत झाली, तिच्या राखणीला दोनशे शिपाई आले, आणि पक्की बराक होईपर्यंत त्यांना तंबू ठोकायला आपलं ओढ्याकाठचं शेत हवं झालं. नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी निदान दोन महिन्यांची मुदत तरी घालून घेतली. कप्तानाने तीन दिवस मापं घेतली, मी कागदावर सही केली. झाडांचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. (जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कप्तान तर शिकलेला माणूस.)

मग जैतुनाची फळं उतरवायचे दिवस आले. वर्दिया म्हातारी चार सुना, लांब काठ्या आणि चादरी घेऊन छावणीत शिरली, आणि कप्तानाच्या तंबूवरच चादर पसरून तिने स्वतःची दोन झाडं झोडपायला घेतली. शिपाई बंदुका घेऊन धावले. ती म्हणाली, “भुई घेतलीस ना बाबा? मग भुईवर बस. वर कशाला बघतोस?” हे जरा सौम्य करून सांग, असं मी दुभाष्याला म्हटलं. त्याने ऐकलं नाही.

कप्तान भडकला. आठ दिवसांत ज्या झाडाचा मालक समोर येणार नाही ते बेवारस, तोडून टाका, असा हुकूम निघाला. वर्दिया झाडाखालून हललीच नाही, जेवणही तिथेच. बाकीचे मालकही आले. राहिलं तुमचं थोरलं झाड, आजोबांनी कलम केलेलं. तुम्ही अल्जियर्सला, पत्र पोचायलाच दहा दिवस. शिपाई कुऱ्हाडीला धार लावत होते. मला बघवेना. काहीतरी बोललो. झाड उभं आहे.

तुमचा आज्ञाधारक,
बेलैद

ता. क. : तुम्ही वारलात, असं मी कप्तानाला सांगितलं. मयताच्या मालमत्तेला आपण चाळीस दिवस हात लावत नाही, हेही सांगितलं. त्याने टोपी काढली आणि कुऱ्हाड परत पाठवली. तेव्हा तेवढे दिवस कृपा करून मेलेलेच राहा.

आणखी एक : गावात बातमी मी नाही, दुभाष्याने पसरवली. त्याच झाडाच्या एका फांदीच्या भांडणावरून तुम्ही वीस वर्षं जिच्याशी बोलत नाही, ती वर्दिया कुसकुसचं पातेलं घेऊन आली आणि माझ्या उंबऱ्यात बसून इतकी रडली की मलाही रडू आलं. एक्केचाळिसाव्या दिवशी मात्र नक्की या, झाडाखाली उभं राहायला जिवंत मालक लागेल. पण आधी तिच्या दारी जा. लांबूनच खोका, म्हणजे म्हातारी दचकायची नाही.